बळ मोजायचं कशानं?



अठरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझा भाचा नोकरीच्या निमित्तानं जपानमध्ये होता. सुट्टीवर येताना त्यानं माझ्यासाठी एक खेळ आणला. जाड लाकडी पट, त्यावर आडव्या-उभ्या रेघा आणि दोन वाटोळ्या डब्यांमध्ये काळ्या-पांढऱ्या सोंगट्या. खेळाचं नाव ‘गो’. भाचा परत गेला आणि माझ्याशी खेळायला कोणी उरलं नाही. म्हणून मी फुकट मिळणारा एक गोचा प्रोग्रॅम संगणकावर उतरवून घेतला. महिनाभर तो मला रोज हरवत होता. मग माझ्या लक्षात आलं, की एका कोपऱ्यात ठरावीक पद्धतीनं सुरुवात केली, की हा गडी हमखास तीच चूक करतो. झालं! तेव्हापासून दहापैकी नऊ डाव मी जिंकायला लागलो आणि भाच्याला फोनवर मोठ्या तोऱ्यात ते सांगितलंही. पुढच्या सुट्टीत तो आला, पटावर बसला आणि अर्ध्या तासात त्यानं माझा पार धुव्वा उडवला. वर म्हणाला, ‘‘मामा, तू गो नाही शिकलास. तू त्या प्रोग्रॅमची खोड शिकलास.’’

मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. त्यामुळे हे वाक्य मला जरा जास्तच लागलं. दहापैकी नऊ हा माझा आकडा खरा होता, त्यात लबाडी नव्हती. तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकला होता. म्हणजे मोजण्यातच काहीतरी राहून गेलं होतं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. गो खेळणारा प्रोग्रॅम किती वेगवान आहे आणि किती बलवान आहे, हे मोजायचं कसं? गेल्या पन्नासएक वर्षांत अनेक हुशार माणसांनी हे मोजायचा प्रयत्न केला. त्यांना काय सापडलं आणि ते कुठे फसले, त्याविषयी आज बोलणार आहे.

आधी खेळ थोडक्यात सांगतो. गोच्या पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा असतात. सोंगटी घरात न ठेवता रेघा जिथे छेदतात त्या बिंदूवर ठेवायची. असे बिंदू ३६१. एकदा ठेवलेली सोंगटी बुद्धिबळातल्यासारखी हलवायची नाही. आपल्या सोंगट्यांनी जास्तीत जास्त मोकळी जागा वेढायची, हा खेळाचा उद्देश. सोंगटीला किंवा सोंगट्यांच्या सलग गटाला लागून असलेले मोकळे बिंदू म्हणजे त्याचा श्वास. प्रतिस्पर्ध्यानं ते सगळे बंद केले, की गट मेला, तो पटावरून उचलायचा. नियम एवढेच, पोराला दहा मिनिटांत शिकवता येतात. पण पटावर नियमानुसार किती वेगवेगळ्या स्थिती तयार होऊ शकतात, याची नेमकी संख्या जॉन ट्रॉम्प यांनी २०१६ मध्ये काढली, तेव्हा ती १७१ आकडी निघाली. बुद्धिबळातल्याप्रमाणे इथे ‘वजिराचे नऊ, हत्तीचे पाच’ असा सोपा हिशेबही चालत नाही. सगळ्या सोंगट्या सारख्याच. कोण पुढे आहे, हे सांगायलाच मुरलेली नजर लागते.

या खेळाला बळ मोजण्याची स्वतःची एक जुनी पट्टी आहे, आणि ती फार सुरेख आहे. नवशिक्याला ‘क्यू’ हा दर्जा मिळतो. तीस क्यूपासून उतरत उतरत एक क्यूपर्यंत यायचं आणि तिथून पुढे ‘दान’ सुरू होतात: एक दान, दोन दान असे. हौशी खेळाडूंमध्ये एका दर्जाचा फरक म्हणजे एका सोंगटीची सवलत. म्हणजे माझ्यापेक्षा चार दर्जांनी वरचा खेळाडू माझ्याशी खेळला, तर मी आधीच चार काळ्या सोंगट्या पटावर मांडायच्या आणि मग त्यानं खेळायला सुरुवात करायची. डाव बरोबरीचा होतो. साधारण नऊ सोंगट्यांपर्यंत अशी सवलत देण्याची रीत आहे. त्यामुळे एखादा खेळाडू किती बलवान, या प्रश्नाला गोच्या जगात सरळ उत्तर असतं: अमक्याकडून किती सोंगट्या घेऊन तो जिंकतो ते बघा.

संगणकालाही प्रथम हीच पट्टी लावली गेली. तैवानचे उद्योगपती इंग चांग-की यांनी १९८०च्या दशकात जाहीर केलं, की जो प्रोग्रॅम व्यावसायिक खेळाडूला हरवील, त्याला चार कोटी तैवानी डॉलर देऊ. मुदत २००० सालापर्यंतची. वाटेत छोटी बक्षिसंही होती. दरवर्षी स्पर्धा जिंकणारा प्रोग्रॅम सवलत घेऊन तरुण खेळाडूंशी खेळायचा. १९९१ मध्ये ‘गोलायथ’ हा प्रोग्रॅम १७ सोंगट्या घेऊन जिंकला. १९९७ मध्ये ‘हँडटॉक’ ११ सोंगट्यांवर जिंकला. हा प्रोग्रॅम चीनमधले रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक चेन झिशिंग यांनी लिहिला होता. सतरावरून अकरा! कागदावर आलेख काढला, तर प्रगती झकास दिसते.

आणि पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, एक विलक्षण डाव झाला. मार्टिन म्युलर हे गोचे बलवान पण हौशी खेळाडू. त्या काळातल्या आघाडीच्या ‘मेनी फेसेस ऑफ गो’ या प्रोग्रॅमला त्यांनी चक्क २९ सोंगट्यांची सवलत दिली. अर्धा पट काळा झालेला. तरीही म्युलर जिंकले. आता असे प्रोग्रॅम ११ सोंगट्यांचे म्हणायचे, की २९ सोंगट्यांवरही हरणारे? गंमत अशी, की म्युलर स्वतः संगणकाच्या गोवर संशोधन करणारे. यंत्राला कुठे काय दिसत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या तरुण खेळाडूंना ते ठाऊक नव्हतं, ते माणसाशी खेळावं तसं खेळले. पट्टी तीच होती, ती धरणारा हात वेगळा होता.

इंग यांचं १९९७ मध्ये निधन झालं. २००० साल उलटलं, मोठं बक्षीस कोणालाच मिळालं नाही.

आता वेगाकडे वळू. बुद्धिबळात वेग आणि बळ यांची जोडी बरीच घट्ट होती. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’नं गॅरी कास्पारोव्हला हरवलं, तेव्हा ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होतं. त्यामुळे सगळ्यांचा समज झाला, की यंत्र जलद करा, बळ आपोआप येईल. गोमध्ये हे चालेना. वीस कोटी स्थिती तपासूनही, त्यातली चांगली कोणती हेच यंत्राला कळत नसेल, तर वेगाचा उपयोग काय? आंधळा कितीही वेगानं धावला तरी गावाला पोचेलच असं नाही.

कोंडी फुटली ती २००६ च्या सुमारास, आणि तीही जुगाराच्या गावाचं नाव मिरवणाऱ्या एका पद्धतीनं. मॉन्टे कार्लो पद्धत. कल्पना भलतीच साधी आहे. एखादी खेळी चांगली की वाईट, हे कळत नाही ना? मग ती खेळून बघा आणि तिथून पुढे दोन्ही बाजूंनी जवळपास आंधळेपणानं, मनाला येईल तशा सोंगट्या ठेवत डाव संपवा. कोण जिंकलं ते लिहून ठेवा. असे हजारो खोटे डाव खेळा. ज्या खेळीनंतर जास्त डाव जिंकले गेले, ती खेळी बरी. आणि जी बरी दिसते, तिच्यावर पुढचा वेळ जास्त खर्च करा. फ्रान्सच्या रेमी कूलों यांचा ‘क्रेझी स्टोन’ हा प्रोग्रॅम अशा रीतीनं खेळायचा. त्यानं २००६ मध्ये ९ बाय ९ च्या छोट्या पटावर संगणक ऑलिंपियाडचं सुवर्णपदक मिळवलं आणि बघता बघता सगळ्यांनी तीच वाट धरली.

आता वेग मोजायला एक छान एकक मिळालं: सेकंदाला किती खोटे डाव? प्रोग्रॅम लिहिणारे एकमेकांना हाच आकडा विचारू लागले. माझा सेकंदाला इतके हजार, तुझा किती? पण लवकरच एक अडचण दिसली. खोटे डाव अगदीच आंधळे न ठेवता थोडी अक्कल घातली, म्हणजे ‘सोंगटी मरतेय तर वाचव’ एवढं जरी शिकवलं, तरी प्रत्येक डावाला जास्त वेळ लागतो. सेकंदाचा आकडा घसरतो आणि तरी प्रोग्रॅम जास्त जिंकतो. उलटही घडलं. खोटे डाव जास्त हुशारीनं खेळवले, तर कधीकधी अख्खा प्रोग्रॅम दुबळा झाला, कारण त्या हुशारीला एकाच बाजूचा झोक होता आणि हजारो डावांत तीच चूक साठत गेली. तेव्हा दोन प्रोग्रॅमांची तुलना करायची, तर दोघांना सारख्या संख्येनं खोटे डाव द्यायचे, की सारखे सेकंद? सारखे डाव दिले तर कळतं, की कोणाचा विचार चांगला. सारखे सेकंद दिले तर कळतं, की स्पर्धेत कोण जिंकेल. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरंही वेगळी येऊ शकतात. घरातल्या दोन स्वयंपाकिणींपैकी कोणाची पोळी चांगली आणि पंगत कोण लवकर उठवील, हे जसं एकाच मापानं कळत नाही, तसंच हे.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे यंत्र. ७ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडला ‘मोगो’ या प्रोग्रॅमनं कोरियाचे आठ दान व्यावसायिक किम म्युंग-वान यांना हरवलं. १९ बाय १९ च्या मोठ्या पटावर, नऊ सोंगट्यांची सवलत घेऊन, दीड गुणानं. मोठीच बातमी होती ती. पण मोगो त्या दिवशी हॉलंडमधल्या ‘हायगेन्स’ या महासंगणकाच्या ८०० प्रोसेसरांवर चालत होता. तुमच्या-माझ्या टेबलावरचा मोगो तो नव्हे. म्हणजे प्रोग्रॅमचं नाव सांगून भागत नाही, तो कशावर चालला आणि किती वेळ चालला, हेही सांगावं लागतं.

आता माझ्या विषयाकडे येतो, किती डाव खेळवायचे याकडे. समजा, मी माझ्या प्रोग्रॅममध्ये एक सुधारणा केली आणि नवा प्रोग्रॅम जुन्याशी दहा डाव खेळवला. नवा सात जिंकला. लिहिणारा खूष. पण एक साधं नाणं दहादा उडवलं, तर सात किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. म्हणजे काहीही सुधारणा न करताही सहा प्रयत्नांत एकदा असा आनंद मिळू शकतो! बरं, शंभर डाव खेळवले आणि नवा ५५ जिंकला. तरीही नाण्याकडून तेवढं होण्याची शक्यता १८ टक्के आहेच. मात्र हजार डावांत ५५० जिंकला, तर ते निव्वळ नशिबानं घडणं हजारात जेमतेम एकदा. टक्का तोच, ५५. पण हजार डावांनी सांगितलेला ५५ आणि शंभरांनी सांगितलेला ५५ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय काळ्याची पहिली खेळी असल्यामुळे त्याला फायदा मिळतो, म्हणून पांढऱ्याला जपानमध्ये साडेसहा आणि चीनमध्ये साडेसात गुण भरपाई देतात. तरी निम्मे डाव काळ्यानं, निम्मे पांढऱ्यानं खेळवायचेच. माणसाला हजार डाव खेळवणं शक्य नाही, पण प्रोग्रॅम रात्रभर आपसांत खेळत बसतात. सकाळी चहा घेता घेता निकाल बघायचा.

या निकालांवरून गुण काढण्याची रीत मूळ बुद्धिबळातली. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाद एलो यांनी ती घालून दिली. तिला ‘एलो गुणांकन’ म्हणतात. यात नुसत्या आकड्याला काही अर्थ नसतो, अर्थ दोन आकड्यांमधल्या फरकाला असतो. फरक शून्य असेल तर बरोबरी. २०० गुणांचा फरक असेल, तर वरचा शंभरातले सुमारे ७६ डाव जिंकणार. ४०० चा असेल, तर सुमारे ९१. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हा आकडा कामाला येणार आहे.

ऑक्टोबर २०१५ मध्ये लंडनमध्ये ‘अल्फागो’नं युरोपचा विजेता फान हुई याला पाच-शून्य हरवलं. सवलत नाही, बरोबरीचा डाव. जानेवारी २०१६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं, तेव्हा जग चकित झालं. मी तो निबंध वाचायला घेतला तो मोजमापासाठी, आणि वाचून लेखकांबद्दल आदर वाटला. कारण त्यांनी सगळं मांडून ठेवलं होतं. त्या पाच डावांच्या बरोबरीनं आणखी पाच जलद डावही झाले होते, कमी वेळाचे. त्यांत निकाल होता तीन-दोन. म्हणजे तोच माणूस, तोच प्रोग्रॅम, तोच आठवडा. घड्याळ बदललं आणि पाच-शून्यचं तीन-दोन झालं.

दुसरा आकडा आणखी बोलका. एका यंत्रावरच्या अल्फागोला ४८ प्रोसेसर आणि ८ ग्राफिक्स चिप होत्या. अनेक यंत्रांवर पसरलेल्याला १,२०२ प्रोसेसर आणि १७६ चिप. म्हणजे वीस-पंचवीस पट ताकद. मग मोठा अल्फागो छोट्याला वीसपट हरवतो का? छे. तो शंभरातले ७७ डाव जिंकला. एलोच्या भाषेत फरक साधारण अडीचशे गुणांचा. वेग पंचवीस पट वाढवला, तर चार डावांतले तीन मिळतात, एवढाच त्याचा भाव. उलट छोट्या अल्फागोचा तेव्हाच्या क्रेझी स्टोनशी फरक साडेनऊशे गुणांच्या आसपास होता. तो नुसत्या वेगातून आलेला नव्हता. लाखो डाव पाहून घडवलेल्या नजरेतून तो आला होता. डीप ब्लूनं जितक्या स्थिती तपासल्या, त्याच्या हजारो पटींनी कमी स्थिती अल्फागोनं फान हुईविरुद्ध तपासल्या, असं लेखकांनीच नोंदवलं आहे.

मग मार्च २०१६. सोलमध्ये ली सेडॉल, १८ आंतरराष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला खेळाडू, अल्फागोशी चार-एक असा हरला. चौथ्या डावातली त्याची ७८ वी खेळी आजही गोप्रेमी हळवे होऊन सांगतात. तो एकच डाव तो जिंकला. संख्याशास्त्राचा मास्तर म्हणून मला तेव्हा एक खडूस शंका आली. दोघं तोडीस तोड असते, तरी पाचातले चार किंवा पाच डाव अल्फागोकडे जाण्याची शक्यता १९ टक्के होती. म्हणजे पाच डावांनी जगाला जे पटलं, ते गणिताला अजून पुरतं पटलेलं नव्हतं. वर्ष पालटलं आणि ती शंकाही मिटली. डिसेंबर २०१६ च्या अखेरीपासून जानेवारी २०१७ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत अल्फागोच्या पुढच्या आवृत्तीनं इंटरनेटवर अव्वल व्यावसायिकांविरुद्ध ६० डाव जिंकले, एकही न हरता. नाणं साठ वेळा ओळीनं छाप्यावर पडण्याची शक्यता एकावर अठरा शून्यांत एक. इथे मास्तरानंही हात जोडले.

ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘अल्फागो झिरो’ आला. माणसांचे डाव न बघता, स्वतःशीच खेळून शिकलेला. तीन दिवसांत ४९ लाख डाव. लीला हरवणारा अल्फागो ४८ खास चिपांवर चालायचा, हा फक्त चारांवर चालला आणि त्याला शंभर-शून्य हरवलं. वेग आणि बळ यांची फारकत याहून स्वच्छ दिसणार नाही. अल्फागो झिरोचं आणखी एक माप सांगतो. पूर्ण विचार करू दिला, तर त्याचं गुणांकन ५,१८५. एकही चाल पुढे न बघता नुसत्या नजरेवर खेळवला, तर ३,०५५. म्हणजे नजरही हवी आणि विचाराला वेळही हवा. दोन्ही वेगवेगळे मोजता येतात, आणि मोजले पाहिजेत.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ली सेडॉलनं निवृत्ती घेतली. आता आपण जगात पहिले आलो, तरी ज्याला हरवता येत नाही असं कोणीतरी वर आहेच, असं त्याच्या सांगण्याचं सार होतं. श्रोतेहो, इथे तराजूत नुसता खेळ राहिला नव्हता. लहानपणापासून सगळं आयुष्य ज्या पट्टीवर मोजलं, ती पट्टीच त्याच्या हातून सुटली होती. तोवर गोच्या जगात सगळ्यांनी मान्य केलं होतं, की प्रश्न संपला. चार हजार, पाच हजार गुण. यंत्र अजिंक्य आहे.

आणि मग माझ्या भाच्याचं वाक्य खरं करणारी गोष्ट घडली.

‘काटागो’ हा आजच्या सर्वांत बलवान प्रोग्रॅमांपैकी एक. डेव्हिड वू यांनी तो लिहिला आणि तो कोणालाही फुकट मिळतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एक दुसरा प्रोग्रॅम तयार केला. त्याचं काम गो चांगला खेळणं हे नव्हतं. काटागोला हरवणं, एवढंच होतं. लाखो डाव खेळून त्यानं काटागोची खोड शोधून काढली. खोड अशी: आपला एक छोटा गट काटागोला वेढू द्यायचा. वेढणाऱ्या सोंगट्यांचं एक कडं तयार होतं. मग त्या कड्यालाच बाहेरून हळूहळू घेरत जायचं. मध्येच इकडे-तिकडे खेळून लक्ष दुसरीकडे न्यायचं. काटागोला आपलं कडं सुरक्षित वाटत राहतं, आणि श्वास कोंडल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. या प्रोग्रॅमनं माणसांहून वरचढ समजल्या जाणाऱ्या काटागोविरुद्ध ९७ टक्क्यांहून जास्त डाव जिंकले. आणि तोच प्रोग्रॅम साध्या हौशी माणसाकडून हरत होता! फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या संशोधकांपैकी केलिन पेलरिन या हौशी खेळाडूनं संगणकाची मदत न घेता ही युक्ती स्वतः वापरली आणि १५ पैकी १४ डाव जिंकले. पुढे काटागोला या सापळ्याचे धडे दिले गेले. तरी २०२४ मध्ये त्याच मंडळींनी दाखवलं, की नवा सापळा रचून त्याला पुन्हा अडकवता येतं.

आता सांगा, काटागो किती बलवान? जगज्जेत्याला हरवणारा काटागो. काटागोला हरवणारा एक प्रोग्रॅम. आणि त्या प्रोग्रॅमला हरवणारा गल्लीतला हौशी. एलोच्या पट्टीत हे बसत नाही. कारण ती पट्टी असं धरून चालते, की बळ हे एका शिडीवर उभं आहे: जो वरच्या पायरीवर, तो खालच्या सगळ्यांना भारी. बहुतेक वेळा हे खरं असतं. पण ‘बहुतेक वेळा’ आणि ‘नेहमी’ यांच्यामधल्या फटीत एक हौशी माणूस शिरला. १९९८ मध्ये म्युलर याच फटीतून २९ सोंगट्यांची सवलत देऊन आत गेले होते. पंचवीस वर्षांत यंत्र कुठल्या कुठे गेलं, पण फट पूर्ण बुजली नाही.

याचा अर्थ सगळी मोजमापं खोटी आहेत, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं हा आळस झाला. साठ-शून्य खरे आहेत, शंभर-शून्यही खरे आहेत. पण प्रत्येक आकड्याच्या पोटात चार अटी दडलेल्या असतात. किती वेळ दिला? कोणत्या यंत्रावर चालवलं? किती डाव खेळवले? आणि कुणाशी? या चारांतली एक जरी अट सांगितली नाही, तर आकडा अर्धवट राहतो. चौथी अट आपण सर्वांत सहज विसरतो, कारण आपल्याला वाटतं बळ यंत्राच्या आत असतं. ते असतं दोघांच्या मध्ये, पटावर.

आणि हे गोपुरतं राहिलेलं नाही. हल्ली रोज कुठल्या ना कुठल्या यंत्राविषयी आपण वाचतो: आजार ओळखण्यात इतके टक्के अचूक, परीक्षेत माणसाहून सरस, कर्ज कोणाला द्यावं हे अधिक चांगलं ठरवणारं. गोमध्ये फसलो, तर फार तर एक डाव जातो. इथे कोणाचं तरी औषध चुकेल, कोणाचा तरी अर्ज फेटाळला जाईल. म्हणून असा आकडा समोर आला, की भारावून जाण्याआधी किंवा नाक मुरडण्याआधी ते चार प्रश्न विचारावेत. ते विचारायला गणिताची पदवी लागत नाही.

माझा भाचा आता परत आला आहे आणि आमचे डाव पुन्हा सुरू झाले आहेत. त्याच्याकडून मी सहा सोंगट्या घेतो. त्या घेऊन दहातले चार-पाच डाव जिंकतो. दहाच डाव झालेत, तेव्हा नक्की सांगता येत नाही. पण घड्याळाशिवाय, घरच्या लाकडी पटावर आणि फक्त त्याच्याशी, एवढं माझं बळ आहे. त्याहून जास्त दावा मी करत नाही.